मधूनच

बंद पडतो म्हणावं तर पडत नाही,
चालतो म्हणावं तर चालत नाही.
वानखडेंच्या लग्नपत्रिकेत
'आमच्या येथे श्रीकृपेकरून' इथपर्यंत आला
आणि नवरदेवाचं नाव यायच्या आधीच
पडदा काळा.
मग आपला आपणच उठला,
मांजर उठतं तसा, कुणाला काही न सांगता.

आर्वीहून बोरघरे आला. पेट्रोलचे शंभर वेगळे.
त्याच्यासमोर तीन तास काय देखणा चालला!
दवाखान्याच्या पायरीवर लेकराचा ताप उतरतो, तसा.
त्यानं रॅम काढून खोडरबरानं घासली,
पंख्यातून चिमूटभर रुई काढली,
शेजारच्या खोलीत भाव चढायची वाट पाहत
पडलेल्या कापसाची.
चहा पिऊन म्हणाला, "याले काई नाई झालं, वहिनी.
तुमीच कायतरी दाबत असान."
त्याची गाडी नाल्यापर्यंतही पोचली नसेल,
पडदा काळा.

म्हणून वही केली.
बचतगटाच्या जुन्या वहीची मागची पानं.
तारीख, वेळ, लाईन कशी होती,
राऊतांची चक्की चालू होती का,
मी काय टाइप करत होते.
सासरे म्हणाले, "अवस बी लिहून ठेव."
तीही लिहिली.
अवसेला तो दिवसभर चालला.

आणि एक मुंगी.
डब्याच्या पत्र्याला बोट लागलं की
बारीक चावल्यासारखं.
कधी असे, कधी नसे.
त्याचाही एक रकाना पाडला:
मुंगी आहे. मुंगी नाही.
पाहणाऱ्याला वाटावं, बाई साखरेचा हिशेब ठेवते.

फाल्गुन संपता संपता दुधाचे पैसे द्यायला बसले.
देवानंद हार्वेस्टरवर.
देवळी, पुलगाव, कधी थेट दारव्ह्याकडे,
जिथे गहू उभा तिथे.
तो नसला की अर्धा लिटर कमी घेते मी,
कॅलेंडरवर अर्ध्याची खूण असते.
ती खूण आणि वहीतले काळे दिवस
एकाशेजारी एक येऊन बसले.
मी आधी भलतंच समजले.
एकटीच असून पदर सारखा केला.

पण पुरतं जुळत नव्हतं.
तो गेल्याचा पहिला दिवस चांगला जाई.
दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगी यायची,
तिसऱ्या दिवशी काळं.
म्हणजे जे काय होतं
ते हळूहळू वाळत होतं.

सांदवाडीत गेले.
कानात, भुवयांत भुसा घेऊन येतो तो,
घरात पाऊल न टाकता आधी त्या फरशीवर बसतो,
चार बादल्या ओततो अंगावर.
ते पाणी भिंतीकडेनं जातं
आणि जिथे मुरतं तिथेच
तांब्याची तार जमिनीत उतरते.
मीटर आलं तेव्हा सासऱ्यांनी
मीठ, कोळसा टाकून पुरलेली.
अर्थिंग.
माती दगडासारखी, बोट जाईल एवढी भेग.
खुरप्यानं उकरलं. दोन बादल्या ओतल्या.
भेगेनं घटाघटा आवाज केला.
दिवेलागणीला पत्र्यावर अख्खा तळवा ठेवला.
मुंगी नाही.

रात्री फोन लावला.
"तुमी नसले का कंप्युटर बंद पडते."
मागे मशीनची घरघर.
"काय म्हंतं? आवाज नाई येऊन रायला."
"काई नाई. जेवले का?"

तेव्हापासून रोज सकाळी, दोन बादल्या.
सासरे पाहतात, तुळशीसारखं चाललंय म्हणतात.
वानखडेंच्या पत्रिका गेल्या, लग्नही झालं.

फक्त चैत्रात एकदा,
माती ओली, मुंगी नाही, चक्की बंद,
चार वाजून वीस मिनिटांनी
पडदा काळा.
कारणाचा रकाना मोकळा ठेवलाय.
देवानंद घरीच होता तेव्हा,
बाजेवर पालथा, गाढ झोपलेला.